शरदात कोकणच्या खाड्या: कोल्हापुरातून ट्रेलरवर छोटी होडी घेऊन

रंकाळाकाठ

दसरा झाला की निम्मं कोल्हापूर गाड्या काढून मालवणला उतरतं. किल्ल्याची फेरी होते, सुरमई-पापलेट होतं, किनाऱ्यावर फोटो होतात आणि रविवारी रात्री घाट चढून माघारी. यात वाईट काही नाही. पण त्या सगळ्या वाटेवर जे सगळ्यात देखणं आहे ते रस्त्यावरून दिसतच नाही. पुलावरून जाताना उजव्या-डाव्या हाताला क्षणभर पाणी चमकतं, झाडी दिसते, एखादी होडी दिसते, आणि पूल संपतो. ती खाडी आत कुठवर जाते, काठावर कोण राहतं, हे बघायचं असेल तर पाण्यातूनच जायला हवं. त्यासाठी धागा काढतोय.

माझी होडी फायबरची, साडेपंधरा फुटी, जवळजवळ सपाट बुडाची. मागे २५ अश्वशक्तीचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड. ट्रेलर आपल्या उद्यमनगरात बनवून घेतला. होडी, इंजिन, पेट्रोल, नांगर, सामान धरून सगळं वजन गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेच्या बरंच आत बसतं. घाटात हे फार महत्त्वाचं आहे.

माझा मुद्दा एकच आहे. कोकणात एका खाडीतून दुसऱ्या खाडीत आतल्या आत जाता येत नाही. सह्याद्री समुद्राला इतका चिकटून आहे की नद्या आखूड, आणि दोन नद्यांच्या मध्ये जांभ्याचे सडे, म्हणजे दगडी पठारं, थेट समुद्रात उतरलेले. प्रत्येक खाडी स्वतंत्र, पूर्व-पश्चिम, आणि तिचं तोंड उघड्या समुद्राला. केरळात कोल्लम ते कोट्टापुरम असा १६८ किलोमीटरचा वेस्ट कोस्ट कालवा आहे, १९९३ पासून तो राष्ट्रीय जलमार्ग आहे, तिथं किनाऱ्याला समांतर आतून जाता येतं. आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून मोठ्या होडीवाल्याला विजयदुर्गाहून देवगडला जायचं तर समुद्रातून वळसा घालावा लागतो. आपण मात्र होडी काढायची, ट्रेलरवर चढवायची, सागरी महामार्गाने पुढच्या खाडीला जाऊन परत पाण्यात सोडायची. आपला ट्रेलर हाच आपला कालवा. छोट्या होडीला जे समुद्रात झेपत नाही ते टाळून सगळ्या खाड्या बघता येतात, आणि हे फक्त छोट्या होडीलाच जमतं.

वेळ शरदाचीच का? श्रावण-भाद्रपदात खाडीला लाल गढूळ पाणी, ओंडके, वाहून आलेला पाला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला तरी छोट्या होडीसाठी पाणी लगेच निवळत नाही. आश्विन उजाडला की गाळ बसतो, सडे अजून पिवळे-हिरवे असतात, भातं कापणीला आलेली असतात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, अगदी मंद. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा उठतो. म्हणजे पहाटे निघायचं आणि दुपारी जेवायच्या आत होडी बांधून मोकळं व्हायचं. ऑक्टोबरचं ऊन आहेच, त्यामुळे नाहीतरी दुपारी पाण्यावर थांबवत नाही.

वाट: कोल्हापूर, कळे, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्गाचा रस्ता. करूळ चालू आहे का ते निघायच्या आधी विचारून घ्या. बंद असेल तर भुईबावडा आहे, पण ट्रेलर मागे असताना मी त्यापेक्षा राधानगरीवरून फोंडा घाट धरेन, थोडं लांब पडलं तरी चालेल.

पहिली खाडी वाघोटणची. तोंडाशी विजयदुर्ग. तटाच्या बाजूने आत शिरलं की पाणी रुंद आणि खोल, बंदराला साजेसं. गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला खडकात खोदलेली जुनी आरमारी गोदी आहे, ती पाण्यातून बघावी, मग कळतं जागा कशी निवडली होती: समुद्रावरून दिसत नाही, लाट पोचत नाही, भरतीला पाणी आपोआप आत. तिथून वर खाडी वळत वळत जाते, एका काठाला रत्नागिरी जिल्हा, दुसऱ्याला सिंधुदुर्ग. काठाने कांदळवन. चिप्पीची झाडं ओळखू येतात, चिखलातून वर आलेली टोकदार मुळं आणि पाण्यावर वाकलेल्या फांद्या. हीच चिप्पी, पांढऱ्या फुलांची, २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. फुलं रात्री उमलतात, पहाटे पाण्यावर त्यांचे केसर तरंगत असतात. इंजिन बंद करून वल्ह्यावर चला, खंड्या आणि ब्राह्मणी घारी अगदी जवळून दिसतात. जसजसं वर जाल तसं पाणी उथळ, आणि खारेपाटणपर्यंत जायचं तर भरती साधावी लागते. एकेकाळी गलबतं तिथवर जायची.

देवगडची खाडी लहान आहे, एका सकाळीत होते. आचऱ्याची त्याहून लहान. कालावलची, म्हणजे गड नदीची खाडी मात्र सोडू नका. आत बेटं आहेत, नारळी आहेत, मसुऱ्याला भरतगड आणि समोरच्या काठाला भगवंतगड. काठाच्या बायका ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उतरून मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढताना दिसतात. पायाच्या बोटांनी चिखलात चाचपतात, बुडी न मारता पायानेच वर उचलतात आणि पाण्यावर सोडलेल्या, दोरीने कमरेला बांधलेल्या टोपात टाकतात. त्यांच्या जवळून जाताना इंजिन अगदी हळू. आपल्या लाटेने टोप उलटला तर त्यांची सकाळची मेहनत पाण्यात जाते.

शेवट कर्लीच्या खाडीत. एका बाजूला देवबागची चिंचोळी पट्टी, तिच्या पलीकडे समुद्र, आणि आपण आत शांत पाण्यात. तिथून वर नेरूरपारच्या पुलाखालून वालावलकडे. वालावलच्या लक्ष्मीनारायणाला होडीने जाण्यासारखं सुख नाही.

माझ्या मनात आहे की कोजागरीच्या पौर्णिमेला होडी कर्लीत असावी. जाणकारांनी मतं द्यावीत.

प्रयाग_चिखली

लई भारी धागा, भावा. आमच्याकडं २०१९ आणि २०२१ च्या महापुरात गावातल्या पोरांनी बोटी चालवायला शिकून घेतल्या. माणसं काढली, जनावरांना वैरण पोचवली. इंजिनाची भीती अजिबात नाही. पण पंचगंगेचं पाणी एकाच दिशेनं जातं. भरती-ओहोटी डोक्यात बसत नाही. मोबाईल बघून चालवायचं का काही साधा हिशेब आहे?

देवबागचो

चिखलीच्या भावा, हिशेब आहे आणि तो आमच्या आज्यापणज्यापासूनचा आहे. तिथीची पाऊणकी म्हणायची, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पुरी भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पुरी ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणूनच पाऊणकी चालते. थोडं पुढेमागे होतं, म्हणून छापील तक्ता जवळ असावाच, पण डोक्यात पाऊणकी असली की तक्ता हरवला तरी माणूस हरवत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी. आमच्याकडे उधाणाला दोन मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं. मुंबईला ते चार मीटरच्या वर जातं, त्या मानाने आमचं पाणी सौम्य. पण सौम्य म्हणून फसू नये, कारण सगळी खाडी त्या एका तोंडातून रिकामी होते.

आता कोजागरीचं. रंकाळाकाठ, तुमची हौस कळते, पण कर्लीच्या तोंडाजवळ नवख्याने पौर्णिमेला जाऊ नये. भरती सव्वाअकराला, म्हणजे दुपारभर ओहोटी. त्याच वेळी समोरून खारा वारा उठलेला आणि समुद्राची लाट आत येऊ बघते. बाहेर धावणारं पाणी आणि आत येणारी लाट एकमेकांना वाळूच्या उथळ पट्ट्यावर भेटतात. मागून, म्हणजे खाडीतून बघितलं तर पाणी गुळगुळीत दिसतं, कारण लाटेची पाठ आपल्याकडे असते. फुटणारं तोंड समुद्राकडे असतं, ते दिसतच नाही. पांढरं दिसलं तेव्हा तुम्ही त्यात असता आणि पाणी मागून ढकलत असतं. पावसाळ्यानंतर ती वाळू दरवर्षी जागा बदलते. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं नाही. संगमावर डॉल्फिन बघायचे आहेत ना, तर आमच्या गावातल्या होडीतून जा. तुमची होडी आतच ठेवा.

अष्टमीला या. सकाळी सहाला पुरी भरती, धक्क्याच्या उतारावर पाणी भरलेलं, मतलई वारा, होडी सहज उतरते. दुपारी भरती परत लागते आणि खारा वाराही आतच येतो. पाणी आणि वारा एका दिशेने असले की लाट उठत नाही.

पाणी बघूनच होडी घालूची. घाई करूक नको.

रंकाळाकाठ

देवबागकर, मनापासून आभार. तोंडाजवळ जाणार नाही हे आधीच ठरवलं होतं, पण लाटेच्या पाठीचं कारण असं कुणी समजावलं नव्हतं.

तरी एक अडचण. वाघोटणच्या वरच्या भागात भांगाला पाणी पुरत नाही. खारेपाटणकडे जायचं तर उधाणाजवळचीच तिथी हवी. मग?

देवबागचो

मग चढत्या पाण्याची तिथी घ्या, उतरत्या पाण्याची नको. समजा पौर्णिमेच्या दोन दिवसांनी भर भरतीला तुम्ही वर कुठेतरी वाळूवर रुतलात. दुसऱ्या दिवशीची भरती त्याहून बुटकी, त्याच्या दुसऱ्या दिवशीची आणखी बुटकी. होडी ढकलून निघाली नाही तर अमावास्येच्या उधाणापर्यंत तिथेच. तेच एकादशीला रुतलात तर पुढची प्रत्येक भरती जास्त उंच, आपोआप सुटाल.

म्हणून दसऱ्याला सोनं लुटा आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरा. आश्विन शुद्ध एकादशी, अकरा पाऊणे सव्वाआठ. उजाडता विजयदुर्गाला होडी सोडा, भरतीच्या शेवटच्या दोन तासांवर स्वार होऊन वर जा. भरती तोंडाशी सव्वाआठला पुरी होते, पण वर उशिरा पोचते, त्यामुळे पाणी तुमच्या बरोबर चालतं. पाणी थबकलं की तिथूनच मागे फिरायचं, अजून एक वळण बघू म्हणायचं नाही. खारा वारा लागायच्या आत धक्क्याला याल.

आणि कोजागरी कर्लीत करायची तर खुशाल करा. वर वालावलच्या बाजूला दिवसा उजेडी होडी बांधा आणि काठावर बसून दूध प्या. रात्री चालवू नका. खाडीभर कांडाळ, म्हणजे माशांची उभी जाळी, लावलेली असते. दिवसा तिच्या बोयरी, म्हणजे तरंगणाऱ्या खुणा, दिसतात, रात्री जाळं पंख्यात गेल्यावरच कळतं. जाळं कापलं तर एका घराचं नुकसान होतं हे ध्यानात असू द्या.

उद्यमनगर

होड्यांतलं मला काही कळत नाही, पण ट्रेलर आमचा विषय. उसाच्या ट्रॉल्यांपासून सगळं बनवतो. होडीचा ट्रेलर बनवायला लोक येतात तेव्हा ट्रॉलीसारखाच बनवा म्हणतात. तसा बनवू नका.

पहिली गोष्ट म्हणजे तो खाऱ्या पाण्यात बुडणार. साध्या लोखंडाला कितीही रंग मारा, वेल्डिंगच्या कडेतून गंज सुरू होतो. सगळं कापून, भोकं पाडून, वेल्ड करून झाल्यावर शेवटी हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा. नंतर एकही भोक पाडायचं नाही. चौकोनी पाइप वापरला तर आत पाणी साठून राहतं, म्हणून उघडं चॅनेल घ्या नाहीतर पाइपाला खाली निचऱ्याची भोकं ठेवा. सगळ्यात आधी कुजतात ते स्प्रिंगचे पाटे, कारण पट्ट्यांच्या मध्ये मीठ बसतं. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन तेल.

दुसरी गोष्ट बेअरिंग, आणि यात लोक वारंवार फसतात. घाट उतरून आलात, चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो मधला भाग, तापलेला आहे. तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढून घेते. त्या दिवशी काही कळत नाही. परतीला करूळ चढताना चाक गरगर आवाज करायला लागतं. म्हणून धक्क्यावर पोचल्यावर आधी चहा घ्या. मग हबच्या टोपीवर तळहात ठेवून बघा. हात आरामात ठेवता आला की मग मागे घ्या. दोन्ही बाजूंचे हब बघा. एक जास्त गरम असेल तर तिथे आधीच काहीतरी बिघडलंय. ग्रीस पाण्याला टिकणारं, सागरी कामाचंच वापरा. एक जोडी बेअरिंग, सील आणि स्टेपनी कायम गाडीत.

तिसरी, वजनाची ठेवण. एकूण वजनाचा दहावा भाग, थोडा कमी चालेल, हुकावर हवा. मागे इंजिन जड असतं, त्यात पेट्रोलचा कॅन पण मागेच ठेवला की पुढचा भाग हलका होतो आणि उतारावर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. तसं झालं तर एक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सल थोडा मागे घेऊन बसवला की निम्मा प्रश्न सुटतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेले बरे, घाटात तर हवेतच. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

दिवे ट्रेलरला पक्के लावू नका. एका फळीवर लावून फळी होडीच्या मागे बांधा, पाण्यात जायच्या आधी सोडून घ्या. आणि ट्रेलरची आरटीओत नोंदणी लागते, ती करूनच रस्त्यावर आणा.

शेवटचं: दसऱ्यानंतर कारखाने पेटायची वेळ येते. कुडित्रे, कळे, असळज या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सुरू झाल्या की पहाटेच्या अंधारात मागे दिवे असतीलच असं धरू नका.

मंगळवार_पेठ

उद्यमनगर दादा, हा एक प्रतिसाद छापून गाडीच्या डॅशबोर्डात ठेवणार. चेन आणि पट्ट्यांबद्दल पण सांगा.

उद्यमनगर

नाकाशी विंचचा पट्टा असतोच, त्यावर एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही, सोबत एक चेन. मागून दोन पट्टे, होडीच्या मागच्या दोन कड्यांपासून ट्रेलरला खाली ओढून. मध्ये आडवा एक. पट्टा सपाट राहिला की वाऱ्याने फडफडतो आणि फायबर घासतो, म्हणून एक पीळ घालून बांधा. इंजिन वर उचललेलं असतं तेव्हा खाली आधाराचा दांडा द्या, नुसत्या लॉकवर घाट उतरायचा नाही.

नॉरफोकात_कोल्हापूरकर

मूळचा राजारामपुरीचा, आता व्हर्जिनियात. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण मी जिथे राहतो तिथूनच अमेरिकेच्या अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवेचे मैल मोजायला सुरुवात होते. नॉरफोक म्हणजे मैल शून्य, मायामी सुमारे मैल १,०९०. समुद्राला समांतर, वाळूच्या लांबट बेटांच्या आडून, खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडत जाणारी वाट. शरदात इथूनही होड्यांची रीघ लागते. थंडी सुरू व्हायच्या आत उत्तरेकडचे लोक होड्या घेऊन फ्लोरिडाकडे निघतात. पण फार लवकर निघूनही चालत नाही, कारण चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. मधल्या फटीत निघायचं.

छोट्या ट्रेलरवाल्या होड्यांचे लोक इथेही आहेत आणि ते पूर्ण वाट करत नाहीत. आवडीचा तुकडा निवडतात, तिथे होडी सोडतात, आठवडाभर हिंडतात, परत ट्रेलरवर. माझा आवडता तुकडा डिस्मल स्वॅम्प कालव्याचा. १८०५ साली सुरू झाला, दोन्ही टोकांना लॉक, म्हणजे होडीसकट पाणी वर-खाली करणारे दरवाजे. झाडांच्या मुळांतून येणारं पाणी काळ्या चहाच्या रंगाचं, आणि शरदात दोन्ही काठ रंगलेले.

रंकाळाकाठ, तुम्ही म्हणता तो फरक अगदी खरा आहे. इथे सरकारने खुणा लावल्यात. लाल-हिरव्या पाट्यांवर वॉटरवेसाठी पिवळे त्रिकोण आणि चौकोन असतात, त्यांच्या मधून चालत राहायचं. तरी वाळू सरकते आणि लोक रुततातच. कोकणात खुणा नाहीत, म्हणजे तिथे माणसांना विचारत जावं लागतं. मला विचाराल तर मला तेच जास्त हवंहवंसं वाटतं. इथे मी पूर्ण दिवस पाण्यावर काढतो आणि एका माणसाशी बोलणं होत नाही.

एक सवय इथून घ्या. पेट्रोलचे तीन भाग: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक हात न लावण्यासाठी. वाऱ्याविरुद्ध यायला किती लागेल ते जाताना कळत नाही.

पन्हाळा_वारी

या वाटेवर कोल्हापूरकराला सगळीकडे आपलंच घर भेटतं, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

विजयदुर्ग बांधला तो शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने, बाराव्या शतकाच्या अखेरीस. त्याची राजधानी पन्हाळा. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथल्या राजाला घाटाखाली बंदर हवंच होतं. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट तर १००८ सालचा, त्यावरून त्या खाडीचं वय कळावं. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले आणि आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं. रंकाळाकाठ ज्या शांत पाण्यातून होडी नेणार ते तेच पाणी.

गगनबावडा ही पंत अमात्यांची जागा. भरतगड सावंतांनी उभारला तेव्हा समोरच्या काठावर भगवंतगड उभारला तो बावडेकर पंत अमात्यांनी. गड नदीत होडी मधोमध थांबवा आणि दोन्हीकडे बघा. कोण कुणावर नजर ठेवून होता ते पाण्यातून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही. आणि सिंधुदुर्ग, ज्याचा पाया १६६४ च्या नोव्हेंबरात घातला, तो पुढे करवीर राज्याकडे होता. आपलं आरमार मालवणात असायचं. १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडे गेलं आणि कोल्हापूरचा समुद्र सुटला.

विजयदुर्गात हेलियमचा शोध १८६८ साली लागला असं सर्रास सांगतात. तसं नाही. १८६८ च्या सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि दुसरा खगोलशास्त्रज्ञ लॉकियर याने त्याच वर्षी इंग्लंडातून निरीक्षण केलं. लॉकियर विजयदुर्गात आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्याला त्याने कमीपणा येत नाही.

शाहूपुरीची_मावशी

सगळं छान, पण मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांसाठी कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. लाइफ जॅकेट होडीत ठेवण्यासाठी नसतं, अंगात घालण्यासाठी असतं. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालून चालत नाही, ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं. मापाचं घ्यायचं, आणि पायांच्या मधून जाणारा पट्टा लावायचा. हे मी पोहायला शिकवते म्हणून सांगते. आपली मुलं तलावात पोहणारी, खाडीत ओढ असते आणि पाय टेकला तर चिखल धरून ठेवतो.

शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही काळ. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आलं होतं, ऐन दिवाळीत. ते किनाऱ्यावर आदळलं नाही तरी समुद्र खवळला होता. इथे घाटावर आकाश निरभ्र असतं आणि खाली काय चाललंय ते कळत नाही. त्याची तयारी काय?

रंकाळाकाठ

मावशी, बरं झालं विचारलंत.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, हे दोन्ही निघायच्या आदल्या रात्री आणि पाण्यात उतरायच्या सकाळी बघतो. अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी असली की होडी कोल्हापुरातच राहते, मग तो पट्टा ओमानकडे जाणार असला तरी. लांबच्या वादळाची लाट खाडीच्या तोंडापर्यंत येते. त्याहून सोपी खूण म्हणजे बंदरातल्या ट्रॉलर. त्या सगळ्या आत येऊन एकमेकींना बांधल्या असतील तर आपण विचारायचंही कारण नाही.

तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, दोरीने गळ्यात. वरच्या भागात कड्यांमुळे रेंज जाते, म्हणून कुठून निघालो आणि किती वाजता परत येणार ते धक्क्यावरच्या माणसाला सांगून जायचं आणि आल्यावर त्याला भेटायचं. होडीत दोन वल्ही, लांब दोरीचा नांगर, पाणी उपसायला डबा, शिट्टी, पिण्याचं पाणी भरपूर. पाण्यात सोडण्याआधी मागचं बूच लावलंय का ते हात लावून बघायचं, नजरेने नाही.

कागदपत्रं: होडीची नोंदणी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला इथे बंदर कार्यालयं आहेत. होडी उतरवण्याआधी तिथे जाऊन सांगितलं की बरं पडतं, आणि त्या खाडीत कुठे ड्रेजर चालू आहे, कुठे पुलाचं काम चाललंय तेही कळतं. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे स्वतःची होडी घेऊन हिंडायचं नाही. किल्ला बघायचा तर तिथल्या फेरीबोटीनेच.

धक्क्याचा उतार ही गावाच्या मासेमारीची जागा आहे. पहाटे होड्या मासे घेऊन येतात तेव्हा तो त्यांचा. आपण बाजूला थांबायचं, लिलाव आटोपू द्यायचा आणि मग विचारून होडी सोडायची. उतारावर शेवाळ असतं, गाडीची मागची चाकं कोरड्या भागावर राहतील इतकाच ट्रेलर आत घ्यायचा. होडी सोडली की गाडी-ट्रेलर लगेच वर.

आणि देवबागकर, ठरलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग, मग देवगड, मग कालावल. कोजागरीला वालावलच्या काठाला, होडी बांधून.

प्रयाग_चिखली

एक जागा असली तर मी येतो. इंजिन उघडून बसवता येतं.

रंकाळाकाठ

आहे. व्यक्तिगत निरोप टाका. येताना जॅकेट स्वतःच्या मापाचं आणा.

मंगळवार_पेठ

परत आल्यावर इंजिन कसं धुता? नळाला मफ (इंजिनाच्या पाण्याच्या जाळीवर बसणारे रबरी कप) लावून की पिंपात?

रंकाळाकाठ

पिंपात. खालची पाण्याची जाळी पूर्ण बुडेल इतकं गोडं पाणी, न्यूट्रलवर दहा-पंधरा मिनिटं, मागच्या छिद्रातून पाण्याची धार नीट येते का बघत. हे कोल्हापूरला पोचल्यावर नाही, त्याच दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी. कोकणात विहिरीचं पाणी कुणीही देतं. पिंप ट्रेलरवरच बांधून नेतो.